जानेवारीच्या ट्रिपपासून नोव्हेंबरच्या मोळीपर्यंत, आमच्या टर्बाइनचा गव्हर्नर बदलला तेव्हा

17 जानेवारी 2024, रात्रीचे 2 वाजून 10 मिनिटं. मी कॉलनीत क्वार्टरवर झोपले होते आणि झोपेतच कळलं की कारखाना थांबला. साखर कारखान्याच्या कॉलनीत जे राहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, हंगामात आवाज आला म्हणून जाग येत नाही, आवाज बंद झाला की येते. दोन मिनिटांत तात्यांचा फोन. तात्या म्हणजे आमचे सगळ्यात जुने टर्बाइन ऑपरेटर. "मॅडम, दोन नंबर ट्रिप मारलीया. फायब्रायझर जाम झाला, लोड सुटला आन् मशीन पळालं." म्हणजे ऊस बारीक करणारं यंत्र अडकलं, त्याचा भार एकदम गेला, वीज बनवणारी दोन नंबरची टर्बाइन जादा वेगाने पळाली आणि सुरक्षेसाठी आपोआप बंद पडली.

स्वेटर घालून पळत गेले. पुन्हा गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) चालू व्हायला 3 तास 40 मिनिटं लागली. तेवढ्या वेळात यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार गेटबाहेर रस्त्यावर, गाडीवान शेकोटी करून बसलेले, कुणी काही बोललं नाही पण सगळे पॉवर हाउसच्या दाराकडे बघत होते. माझ्या वडिलांचा पण ऊस असतो, वाळवा तालुक्यातच, त्यामुळं थांबलेल्या गाडीत उसाचं वजन कसं उतरतं हे मला माहितीये. त्या हंगामातली ती अशी पाचवी ट्रिप होती.

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे, सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठचा कारखाना, नाव लिहीत नाही. पुढचे दहा महिने आम्ही त्या टर्बाइनचा जुना गव्हर्नर (वाफ कमीजास्त करून वेग सांभाळणारी यंत्रणा) काढून डिजिटल गव्हर्नर बसवला, आणि सुरुवातीला मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मराठीत शोधलं तर काही मिळेना आणि मॅन्युअल चारशे पानांचं. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय, कुणाला तरी नक्की लागेल.

आधी मशीन सांगते. दोन नंबर टीजी (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) म्हणजे 3 मेगावॉटची बॅक प्रेशर टर्बाइन, 32 किलो प्रेशरची वाफ आत आणि दीड किलोची वाफ बाहेर, ती बाहेरची वाफ रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटर आणि पॅनला जाते. टर्बाइनचा स्पीड 7500 आरपीएम (मिनिटाला फेरे), गिअरबॉक्समधून अल्टरनेटरला 1500. वीज घरातच वापरायची, एमएसईबीशी पॅरलल करता येतं. गव्हर्नर जुना, मेकॅनिकल-हायड्रॉलिक. म्हणजे फिरणारी वजनं, स्प्रिंग, पायलट व्हॉल्व्ह आणि तेलाचा दाब. तत्त्व तेच जे जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरते गोळे लावून वापरलं, स्पीड वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते. मला ही गोष्ट अजूनही सुंदर वाटते. आणि गव्हर्नर का डोलतो, आम्ही ज्याला हंटिंग म्हणतो, त्याचं गणित मॅक्सवेलने 1868 मध्येच मांडून ठेवलंय. आमचं मशीन दोन वर्षं डोलत होतं. स्पीड 7460 ते 7540 सारखा वरखाली, किलोवॉटचा काटा लंबकासारखा, आणि मोठा लोड अचानक सुटला की गव्हर्नर व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर करायचा आणि मशीन ओव्हरस्पीडवर ट्रिप.

14 मार्चला हंगाम संपला. चीफ इंजिनिअर साहेबांनी बोलावून सांगितलं की डिजिटल गव्हर्नरचा इंडेंट (खरेदीची मागणी) टाक आणि हे काम तूच बघायचं. 26 मार्चला इंडेंट टाकला. आता इथं कागदपत्रांचं थोडं सविस्तर लिहिते कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. सहकारी कारखान्यात इंडेंट, मग टेक्निकल नोट, मग किमान तीन कोटेशन, मग तुलनात्मक तक्ता, मग खरेदी समिती, मग संचालक मंडळ, आणि मग पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर. टेक्निकल नोटमध्ये मी पहिल्यांदा नुसतं "डिजिटल गव्हर्नर, 1 नग" लिहिलं होतं. तीन कोटेशन आली ती तीन वेगळ्या गोष्टींची. एकात नुसता डबा, एकात पॅनलसकट, एकात व्हॉल्व्ह हलवणारा ॲक्चुएटर पण. दरांची तुलनाच होईना, समितीने फाइल परत पाठवली, तीन आठवडे गेले. तेव्हा नोटमध्ये स्पष्ट लिहा, गव्हर्नर, पॅनल, करंटवरून तेलाचा दाब बनवणारा आय-टू-एच कन्व्हर्टर, व्हॉल्व्हची पोझिशन सांगणारा एलव्हीडीटी, स्पीड पिकअप (वेग मोजणारे सेन्सर) किती आणि स्पेअर किती, वेगळं ओव्हरस्पीड युनिट, केबल कुणाची, आणि बसवून वाफेवर चालवून देणं कुणाचं.

मग लोकसभा. सांगलीचं मतदान 7 मेला होतं, तोवर निम्मे संचालक प्रचारात, कोरम होईना. बैठक झाली 18 मेला, पीओ निघाली 27 मेला. खर्च असा, गव्हर्नर आणि पॅनल 13 लाख 80 हजार, कन्व्हर्टर आणि एलव्हीडीटी 5 लाख 60 हजार, ओव्हरस्पीड युनिट 3 लाख 10 हजार, कमिशनिंग दीड लाख. बेरीज 24 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 28 लाख 32 हजार. ही आमची त्या वर्षीची रक्कम, तुमच्या मशीनप्रमाणे बदलणार. पैसे द्यायची पद्धत 30 टक्के ॲडव्हान्स बँक गॅरंटीवर, 60 टक्के माल तपासून पाठवण्याआधी, 10 टक्के शेवटी. त्या शेवटच्या 10 टक्क्यांपुढे "कमिशनिंगनंतर" असं मोघम लिहू नका. आमच्या परचेस ऑफिसरनी "वाफेवर लोडसकट सलग 72 तास चालल्यावर" असं लिहायला लावलं आणि ती एक ओळ पुढं फार कामाला आली. अजून एक ओळ मी हट्टाने घातली, की सगळी सेटिंग फाइल आणि पासवर्ड कारखान्याच्या ताब्यात मिळतील. शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्यात ऐन हंगामात एक आकडा बदलायचा होता आणि पासवर्ड नव्हता, हे मी ऐकून होते.

साखर कारखान्यांत वुडवर्डचा 505 बराच दिसतो, लोक नुसतं पाचशेपाच म्हणतात, आमचा मेक वेगळा आहे पण आतलं काम तेच. दात असलेल्या चाकासमोर मॅग्नेटिक पिकअप बसतो, दात समोरून गेला की पल्स, पल्स मोजून स्पीड, त्याची सेट स्पीडशी तुलना, आणि मग 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल बाहेर, त्यावरून कन्व्हर्टर तेलाचा दाब बनवतो, तो दाब सर्व्हो हलवतो आणि सर्व्हो वाफेचा व्हॉल्व्ह. म्हणजे डोकं नवीन, हातपाय जुनेच.

आणि खरं सांगायचं तर मला हे लिहायचंय ते त्या हातपायांसाठीच. माल यायला 14 आठवडे होते. मला वाटलं तोवर काय काम, केबल ट्रे बघू, पॅनलची जागा बघू. तात्या एक दिवस जून महिन्यात म्हणाले, "मॅडम, नवा मेंदू बसवताय ते ब्येस हाय, पर हाताला लकवा आसंल तर मेंदू काय करंल?" मला ते वाक्य लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑक्झिलरी ऑइल पंप चालू केला, वाफ अर्थातच बंद, आणि सर्व्होवर एक आणि व्हॉल्व्हच्या बारवर एक असे दोन डायल गेज लावले. सर्व्हो थोडा थोडा वर नेत आकडे लिहिले, मग तसेच खाली आणत लिहिले. सर्व्हो बरोबर मध्यावर असताना व्हॉल्व्ह वर जाताना 46 टक्के उघडा आणि खाली येताना 53 टक्के. सात टक्के नुसता लॉस्ट मोशन, म्हणजे जोडांच्या ढिलाईत वाया जाणारी हालचाल! मी तीनदा मोजलं. लिंकेजच्या (सर्व्हो आणि व्हॉल्व्हमधल्या जोडांच्या) पिना चक्क अंडाकृती झाल्या होत्या, नखाने फिरवलं तरी हलायच्या. म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्या गव्हर्नरला शिव्या देत होतो तो बिचारा दोरी ओढत होता आणि दोरी ढिली होती. डिजिटल काय, कुठलाही गव्हर्नर लावला असता तरी मशीन डोललंच असतं.

मग पिना, बुश, एक व्हॉल्व्ह स्पिंडल (त्याच्यावर मिठासारखा पांढरा थर बसून तो चिकटत होता, बॉयलरचं पाणी बिघडलं की वाफेबरोबर हे येतं) हे सगळं कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपकडून नवीन करून घेतलं, 1 लाख 85 हजार. हे बजेटमध्ये नव्हतं. वेगळी नोट, वेगळी मंजुरी, साहेबांनी स्वतः एमडींच्या केबिनमध्ये ती अंडाकृती पीन नेऊन टेबलावर ठेवली तेव्हा सही झाली. तेलाचा नमुना पण पाठवला होता, रिपोर्टमध्ये पाणी आणि कचरा दोन्ही. जुना गव्हर्नर घाण तेलावर कसाबसा चालतो, पण आय-टू-एच कन्व्हर्टरच्या आतली भोकं बारीक असतात, त्याला स्वच्छ तेल लागतंच. टाकी रिकामी करून आतून हाताने पुसली, नवीन 46 ग्रेडचं तेल भरलं आणि पाच दिवस फ्लशिंग केलं, जाळीवर काही येईनासं होईपर्यंत. टाकी पुसायला कॉटन वेस्ट अजिबात वापरू नका, त्याचे धागे राहतात. आमच्याकडं मळलेल्या कणकेचे गोळे फिरवून कचरा उचलतात, जुनी पद्धत आहे आणि कॅन्टीनवाले त्यासाठी पाच किलो कणीक देतात.

त्याच दिवसांत मी अजून एक काम केलं, त्याचा मला आजही आनंद आहे. दातांचं चाक मोजलं. जुन्या ड्रॉइंगमध्ये 60 दात लिहिले होते. मी एका दातावर खडूने खूण केली, हेल्परने रोटर हाताने फिरवला आणि मी मोजले, 40. पुन्हा मोजले, 40. वहीत लिहून ठेवलं.

जुलैच्या शेवटी पाऊस. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे आकडे सांगलीकडच्या लहान पोराला पण पाठ असतात. पाणी इशारा पातळीच्या आसपास आलं, आमच्याकडं येणारे दोन रस्ते बंद, अर्धा स्टाफ गावाकडं अडकला. 2019 च्या पुराच्या आठवणीने आम्ही जमिनीलगतचं सगळं सामान पॉवर हाउसच्या वरच्या मजल्यावर नेलं. यात दहा दिवस गेले. पण एक निर्णय चांगला झाला, नवीन पॅनल खाली केबल ट्रेंचजवळ ठरलं होतं ते वर कंट्रोल रूममध्ये घेतलं.

29 आणि 30 ऑगस्टला पुण्याला सप्लायरच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला गेले. टेबलावर गव्हर्नर, एका बाजूने सिग्नल जनरेटर, दुसऱ्या बाजूला मिलिअँपिअर मीटर. माझ्या वहीप्रमाणे 40 दात आणि 7500 स्पीड म्हणजे 7500 गुणिले 40 भागिले 60, बरोबर 5000 हर्ट्झ. मी म्हटलं 5000 हर्ट्झ द्या. स्क्रीनवर 5000 आरपीएम आले. त्यांच्या सेटिंगमध्ये 60 दात भरलेले होते, चूक आम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगचीच. पण विचार करा, तसंच साइटवर आलं असतं तर स्क्रीनवर 7500 दिसेपर्यंत मशीन खरं 11250 वर गेलं असतं. मध्ये मेकॅनिकल बोल्टने (ठरावीक वेगाला तो बाहेर येतो आणि वाफ बंद करतो) ट्रिप केलं असतं हे खरं, पण त्या एका बोल्टच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवायचा? त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही. तेव्हा हात जोडून सांगते, ड्रॉइंग कितीही जुनं, कितीही सहीशिक्क्याचं असू दे, दात स्वतः मोजा.

तपासणीला जाताना स्वतःची यादी घेऊन जा. मी नेलेली यादी अशी होती की क्रिटिकल स्पीडचा पट्टा आपल्या मशीनचा भरलाय का (त्या वेगांना मशीन जोरात थरथरतं, म्हणून तिथं गव्हर्नर मशीनला रेंगाळू देत नाही, पटकन पार करतो), एक पिकअप वायर काढली तर दुसऱ्यावर चालू राहतो का, दोन्ही काढल्या तर ट्रिप देतो का, आणि 24 व्होल्टचे दोन सप्लाय आहेत त्यातला एक बंद केला तर काय होतं. शेवटचं मी विचारलं खरं पण करून बघितलं नाही, ते पुढं भोवलं.

माल 11 सप्टेंबरला गेटवर आला, गौरी-गणपतीच्या गडबडीत. सप्लायरचे इंजिनिअर 23 सप्टेंबरला आले, पंचविशीतला मुलगा, कामाला फार प्रामाणिक. जुना गव्हर्नर काढून ठेवला तेव्हा तात्यांनी त्याच्यावरचं तेल स्वच्छ पुसलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि स्टोअरमध्ये नेऊन स्वतः फळीवर ठेवला.

27 सप्टेंबरची गोष्ट. पिकअप बसवायची पद्धत अशी की हलक्या हाताने फिरवत दाताला टेकेपर्यंत आत न्यायचा आणि मग उलटा फिरवून गॅप ठेवायचा. आमच्या पिकअपच्या आट्यांना एका फेऱ्याला साधारण 1.4 मिलिमीटर सरकतं, म्हणजे अर्धा फेरा मागं घेतला की 0.7, बरोबर हवं तेवढं. चार पिकअप झाले, पाचवा मी लावला, टेकला, अर्धा फेरा मागं, लॉक नट आवळला. मग हेल्परला रोटर फिरवायला सांगितला आणि टक असा आवाज आला. छोटासाच, खडा चावल्यासारखा. पिकअप दाताच्या माथ्यावर टेकला नव्हता, दोन दातांच्या मधल्या खाचेत उतरला होता, आणि पुढचा दात आला तशी त्याने पिकअपची निमुळती नळी तोडली.

पिकअप 14 हजारांचा, त्याचं एवढं नाही. तुटलेला तुकडा बेअरिंगच्या पेडेस्टलमध्ये पडला होता आणि तो सापडल्याशिवाय पुढं काहीच करता येत नव्हतं. कव्हर उघडलं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठीला बांधलेलं स्पीकरचं मॅग्नेट, तळाशी गुडघाभर नाही पण बोटभर तेल. अडीच तास. तुकडा तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढा. शेवटी तात्यांनी मलमलचं फडकं तळातून हळूहळू ओढलं आणि ते उजेडात धरलं, फडक्याच्या घडीत तो तुकडा चमकला. मी तो तुटलेल्या पिकअपला जोडून बघितला, पुरता जुळला, काही कण राहिले नाहीत याची खात्री करून मगच कव्हर बंद केलं. मी त्या दिवशी जेवले नाही. साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले की आता हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. तर, पिकअप आत नेण्याआधी भोकातून बॅटरी मारून समोर दाताचा माथा आहे ना ते डोळ्यांनी बघा, नसेल तर रोटर थोडा फिरवा. आणि स्पेअर एक नाही, दोन घ्या.

5 ऑक्टोबरला ती पुण्यात राहून गेलेली गोष्ट पुढं आली. स्टॅटिक टेस्ट चालू होती, वाफ नाही, 4 मिलिअँपिअरला व्हॉल्व्ह शून्य, 12 ला 50, 20 ला 100, वर जाताना आणि खाली येताना फरक आता अर्ध्या टक्क्याच्या आत, मला इतका आनंद झाला होता. तेवढ्यात कुणीतरी इमर्जन्सीचा डीसी ऑइल पंप टेस्टला चालू केला आणि गव्हर्नरचा स्क्रीन काळा होऊन पुन्हा सुरू झाला. पंप मोटर सुरू होताना 110 व्होल्टची बॅटरी क्षणभर 90 च्या खाली येत होती आणि 24 व्होल्टचे दोन्ही सप्लाय त्याच बॅटरीवर होते. नावाला दोन, मुळात एकच. चालत्या मशीनवर हे झालं असतं तर वीज गेल्यावर तेलाचा पंप सुरू होणार आणि त्याच क्षणी गव्हर्नर बेशुद्ध. एक सप्लाय यूपीएसवर घेतला, मध्ये डायोड, आणि बॅटरीचे चार सेल बदलले.

12 ऑक्टोबरला दसरा, बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, पण ते पूजेपुरतं. वाफेची खरी ट्रायल दिवाळीनंतर 7 नोव्हेंबरला. पहिल्यांदा 1500 वर अर्धा तास गरम केलं, मग रॅम्प, म्हणजे ठरलेल्या गतीने स्पीड वाढवत नेणं. क्रिटिकल पट्टा मशीनने एवढा सरळ पार केला की कुणालाच कळलं नाही कधी गेला. मग ओव्हरस्पीड टेस्ट. इलेक्ट्रॉनिक ट्रिप 8100 ला म्हणजे 108 टक्के, तो बरोबर लागला. मेकॅनिकल बोल्ट 8250 च्या आसपास, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक ट्रिप तात्पुरता वर न्यावा लागतो. या टेस्टला अल्टरनेटरवर लोड नसतो, मशीन मोकळं पळत असतं, आणि आवाज असा चढतो की छातीत जाणवतो. हॉलमध्ये फक्त तिघं, बाकी सगळे बाहेर, एकाचा हात हँड ट्रिपवर. तीन वेळा घेतली, 8210, 8225, 8215. संपल्यावर इलेक्ट्रॉनिक ट्रिप परत 8100 वर आणला का ते दोघांनी बघून वहीत दोघांच्या सह्या. हे विसरणं परवडणारं नाही.

ट्यूनिंगचं एवढंच सांगते की गव्हर्नरमध्ये ब्रेकर उघडा असतानाचे (म्हणजे लोड नसतानाचे) आणि लोडवरचे गेन, म्हणजे स्पीड हलला की किती जोरात उत्तर द्यायचं ते आकडे, वेगळे असतात, दोन्ही वेगळे लावावे लागतात. प्रपोर्शनल गेन वाढवत नेला, स्क्रीनवर स्पीडची रेषा सरळच दिसत होती पण तात्या तेलाच्या पाइपवर हात ठेवून उभे होते, म्हणाले, "थरथर सुरू झाली, माघारी घ्या." ट्रेंड झूम केला तर खरंच बारीक कंप. तिथून निम्म्यावर आणला. तेव्हापासून ट्यूनिंग करताना पाइपवर एक माणूस, हा माझा नियम.

ड्रूपचं पण बऱ्याच जणांना कोडं वाटतं. आमचा ड्रूप 4 टक्के, म्हणजे पूर्ण लोडवर 7500 आणि तोच सेटपॉइंट ठेवून सगळा लोड गेला तर स्पीड 7800 वर जाऊन स्थिर, ट्रिपच्या 300 खाली. एमएसईबीबरोबर किंवा एक नंबर टीजीबरोबर चालताना ड्रूप पाहिजेच. एकटं मशीन असेल तर आयसोक्रोनस चालतं, लोड कितीही बदलला तरी स्पीड तोच. पण लोड वाटून घेणारं वेगळं मॉड्यूल नसताना दोन मशीन आयसोक्रोनसमध्ये ठेवली की दोघांची भांडणं होतात, एक सगळा लोड ओढतं आणि दुसरं रिकामं होत रिव्हर्स पॉवरवर जातं, म्हणजे वीज देण्याऐवजी घ्यायला लागतं.

सरकारने गाळपाला 15 नोव्हेंबरची तारीख दिली होती, पण 20 ला विधानसभेचं मतदान, तोडणी टोळ्या मतदानाला गावी गेलेल्या, आमची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, 24 नोव्हेंबरला, रविवारी. गव्हाण सुरू झाली आणि स्पीड नाचायला लागला! पंचवीस-तीस आरपीएम, उडी मारल्यासारखा, डोलल्यासारखा नाही. माझे पाय गळाले. पण हा फरक लक्षात ठेवा, लंबकासारखं हळू वरखाली असेल तर ट्यूनिंग किंवा लिंकेज बघा, आणि खडखड उड्या असतील तर सिग्नलमध्ये कचरा आहे. गव्हाणीच्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आहे, ती चालू झाली की उड्या, बंद केली की शांत. तीन तास शोधल्यावर जंक्शन बॉक्समध्ये सापडलं, पिकअपच्या केबलची शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली होती. ती फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करायची, दुसरं टोक कापून टेप लावायची. एक टोक सोडलं आणि रेषा सरळ झाली. 72 तास तिथून मोजले, 28 नोव्हेंबरला माझी सही झाली, 10 टक्के सुटले.

सेटिंगचे सगळे आकडे प्रिंट करून लॅमिनेट केलेत आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, फाइलची एक प्रत साहेबांकडं, एक स्टोअरमध्ये. आकडा बदलला की तारीख आणि सही.

16 जानेवारी 2025. मी संध्याकाळी कंट्रोल रूममध्येच होते. फायब्रायझर जाम झाला, ब्रेकर पडल्याचा आवाज आला, 2400 किलोवॉटवरून लोड 1600 वर. स्क्रीनवर स्पीड 7500 वरून 7618 झाला, मग 7590, मग 7600, आणि तिथंच थांबला. 800 किलोवॉट सुटल्यावर ड्रूपच्या हिशोबाने 80 वाढायला पाहिजेत, म्हणून मी वही काढून आकडेमोड करायला बसले तर मेळच बसेना, 20 जास्त. रात्री लक्षात आलं, फायब्रायझर पडला त्याच क्षणी शिफ्टवाल्याने सेटपॉइंट दोन टिचक्या वर नेला होता. तो आकडा ट्रेंडमध्ये सापडला तेव्हा मला बरं वाटलं.

बाहेर गव्हाण चालूच होती. तात्यांनी पाइपवरचा हात काढला, फडक्याला पुसला आणि लॉगबुकात 6 वाजून 42 मिनिटं अशी वेळ लिहिली, पुढं "फायब्रायझर ट्रिप, टीजी 2 चालू".